गाडीच्या पुढच्या चाकाचा हब आणि बेअरिंग : रचना, तपासणी आणि सर्व्हिसिंग



घर्षणाचा धडा शिकवताना पुस्तकात एक ओळ हमखास येते. घर्षण कमी करण्यासाठी यंत्रात तेल, वंगण आणि बेअरिंग वापरतात. मुलं ही ओळ पाठ करतात, पेपरात लिहितात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण बेअरिंग नेमकं असतं कसं, ते कुठं बसतं आणि ते खराब झालं तर काय होतं, हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. खरं तर वर्गातल्या चार-पाच मुलांच्या घरी कुणी गाडीवर ड्रायव्हर असतं, कुणाचा काका गॅरेजात काम करतो. म्हणजे पुस्तकातली ती ओळ त्यांच्या घरात रोज चालू असते.

म्हणून आज आपण गाडीच्या पुढच्या चाकाचा हब, त्यातली बेअरिंगं आणि त्यांची सर्व्हिसिंग कशी करतात याची सविस्तर माहिती घेणार आहोत. लेख थोडा मोठा आहे, पण सोप्या भाषेत आहे. शेवटी मुलांसाठी कृती आणि प्रश्नही दिले आहेत.

बैलगाडीपासून सुरुवात करूया

बैलगाडीचं चाक आठवा. मधोमध लाकडी तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरून लोखंडी धाव. तुंब्याच्या भोकातून आस जातो. आस जागेवर राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. चाक बाहेर निघू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात. रथाच्या चाकाची खीळ निघाली तेव्हा कैकेयीनं तिथं आपला हात घातला, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एवढीशी खीळ, पण तिच्यावर सगळा रथ!

बैलगाडीत तुंबा आसावर घासत फिरतो. याला सरपटणारं घर्षण म्हणायचं. म्हणून तर गाडीवान वंगणाचं नळकांडं गाडीला लटकवून ठेवायचे. वंगण संपलं की चाक कुरकुरायला लागायचं. बैलगाडीचा वेग कमी, त्यामुळे एवढ्यावर भागायचं. मोटारीचं मात्र तसं नाही.

एक हिशोब करून बघा. समजा टायरचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. परीघ काढायचा तर व्यास गुणिले २२/७, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला चाकाला जवळजवळ ५३० फेरे घ्यावे लागतात. शंभर किलोमीटरला झाले ५३ हजार फेरे! आणि हे सगळे फेरे गाडीच्या वजनाखाली. तुंबा आसावर नुसता घासत राहिला असता तर काही किलोमीटरांतच तापून जाम झाला असता.

बेअरिंग म्हणजे काय?

जड लोखंडी पेटी जमिनीवरून ढकलायची असेल तर आपण तिच्याखाली गोल पाइप टाकतो. पेटी लगेच सरकते. कारण घासण्याच्या ऐवजी आता घरंगळणं होतं, आणि घरंगळण्याचं घर्षण घासण्याच्या घर्षणापेक्षा खूप कमी असतं. बेअरिंगचं तत्त्व एवढंच आहे. दोन कड्या, आणि त्यांच्यामध्ये घरंगळणाऱ्या पोलादी गोळ्या किंवा रूळ.

गाडीच्या आसात गोळ्या बसवण्याचं पेटंट १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉन या लोहकारखानदाराला मिळालं. म्हणजे मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, घोडागाडीच्या काळातच हा विचार झाला होता. पुढे अमेरिकेत सेंट लुईस इथं घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांनी रेजिनाल्ड हाइन्झेलमन यांच्याबरोबर १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. यालाच आपण टेपर रोलर बेअरिंग म्हणतो. आज आपल्याकडे पुण्याजवळ चिंचवडलासुद्धा बेअरिंगचा मोठा कारखाना आहे.

निमुळते रूळच का?

चाकावर दोन प्रकारचे भार येतात. पहिला भार म्हणजे गाडीचं वजन. तो वरून खाली येतो. दुसरा भार वळणावर येतो. गाडी वळते तेव्हा रस्ता टायरला आडवा ढकलतो, म्हणजे चाकावर आसाच्या दिशेनं जोर येतो. साधे सरळ रूळ पहिला भार छान पेलतात, पण आडवा जोर आला की ते कडीतून सरकायला बघतात. रूळ निमुळते केले आणि कड्यांनाही तसाच उतार दिला, तर एकच बेअरिंग दोन्ही भार पेलू शकतं.

पण निमुळतं बेअरिंग आडवा जोर एकाच बाजूनं घेतं. म्हणून हबमध्ये दोन बेअरिंगं एकमेकांच्या उलट तोंडानं बसवतात. एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या बाजूला. आतलं बेअरिंग सहसा मोठं असतं, कारण चाकाचा भार त्याच्या जवळून जातो.

ही रचना मुख्यतः मागच्या चाकांना इंजिनाची ताकद जाणाऱ्या गाड्यांमध्ये, म्हणजे जीप, पिकअप, टेम्पो, ट्रक अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांत दिसते. हिची सर्व्हिसिंग करता येते, म्हणून आधी हीच समजून घेऊ. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारची रचना वेगळी असते, ती नंतर बघू.

हबमधले भाग ओळखूया

आतून बाहेर या क्रमानं भाग असे असतात.

१) स्टब अ‍ॅक्सल : बैलगाडीच्या आसासारखा छोटा जाड दांडा. हा फिरत नाही. स्टेअरिंगबरोबर फक्त डावी-उजवीकडे वळतो.
२) ऑइल सील : रबरी ओठ असलेली कडी. आतलं ग्रीस बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचं पाणी, धूळ आत येऊ देत नाही.
३) आतलं बेअरिंग : यात रूळ, रूळ धरून ठेवणारी जाळी आणि आतली कडी असे तीन भाग एकत्र असतात. गॅरेजात याला कोन म्हणतात. बाहेरची कडी सुटी असते, तिला कप म्हणतात.
४) हब : बैलगाडीच्या तुंब्याचा मोटारीतला भाऊ. दोन्ही कप यात घट्ट ठोकून बसवलेले असतात. चाक हबच्या बोल्टांवर बसतं. ब्रेकची डिस्क किंवा ड्रमही यालाच जोडलेला असतो.
५) बाहेरचं बेअरिंग : आकारानं लहान.
६) जिभेचा वॉशर : याच्या आतल्या बाजूला छोटी जीभ असते. ती स्टबच्या खाचेत बसते, त्यामुळे वॉशर फिरत नाही आणि बेअरिंगची हालचाल नटापर्यंत पोचत नाही.
७) कॅसल नट : किल्ल्याच्या बुरुजासारख्या खाचा असलेला नट.
८) स्प्लिट पिन : नटाच्या खाचेतून आणि स्टबच्या भोकातून आरपार जाणारी दुहेरी तारेची पिन. हीच आपली बैलगाडीची खीळ! किंमत अगदी किरकोळ, पण नट जागेवर धरून ठेवते ती हीच.
९) ग्रीस कॅप : बाहेरून दिसणारी पत्र्याची टोपी.

बेअरिंग खराब झालं हे कसं ओळखायचं?

बेअरिंग सहसा एका दिवसात जात नाही. ते आधी सांगतं, आपण ऐकत नाही एवढंच.

आवाज : चाकाकडून घुंऽऽ असा सलग आवाज येतो आणि वेगाबरोबर वाढत जातो. टायरचाही असा आवाज येऊ शकतो. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला, म्हणजे डांबरी रस्ता संपून सिमेंटचा लागला, की बदलतो. बेअरिंगचा आवाज रस्त्यावर अवलंबून नसतो, तो वळणावर बदलतो. गाडी डावीकडे वळवली की भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूच्या.

ब्रेकचं पेडल खोल जाणं : डिस्क ब्रेक असेल आणि बेअरिंग ढिलं झालं असेल, तर डिस्क डुगडुगते आणि ब्रेक पॅडला मागे ढकलते. मग पुढच्या वेळी ब्रेक दाबला की पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. लोक ब्रेकमध्ये दोष शोधत बसतात आणि दोष असतो बेअरिंगमध्ये.

उष्णता : गाडी चालवून आणल्यावर एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा फारच तापलेला असेल तर तपासणी हवी. हात थेट लावू नका, तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन अंदाज घ्या. चिकटलेल्या ब्रेकमुळेही चाक तापतं, म्हणून दोन्ही गोष्टी बघाव्या लागतात.

ग्रीसचे ओघळ : चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस ओघळलेलं दिसलं तर ऑइल सील गेलं असं समजा. ते ग्रीस ब्रेकवर गेलं तर ब्रेक लागणार नाही, म्हणून इथं थांबायला वेळ नाही.

हातानं तपासणी

गाडी सपाट जागेवर जॅकवर उचलून, खाली स्टँड लावून चाक मोकळं करतात. मग एक हात टायरच्या वर आणि एक खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी ठेवून चाक आतबाहेर हलवून बघतात. खटखट जाणवली तर चाकात खेळ आहे.

पण हा खेळ बेअरिंगचाच कशावरून? इथं गॅरेजातली एक साधी युक्ती आहे. एकाला ब्रेकचं पेडल दाबून धरायला सांगतात आणि चाक पुन्हा हलवतात. ब्रेक दाबल्यामुळे हब जागेवर पकडला जातो. आता खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगमध्ये. तरीही खेळ राहिला तर दोष बॉल जॉइंट किंवा किंग पिनमध्ये. हात ३ आणि ९ च्या जागी ठेवून खेळ जाणवला तर स्टेअरिंगचे जोडही बघावे लागतात.

मुलांनो, ही झाली विज्ञानाची पद्धत. एक गोष्ट स्थिर करायची आणि बाकीच्यात काय बदल होतो ते बघायचं. प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून जे करतात, तेच मेस्त्री गाडीखाली बसून करतात.

सर्व्हिसिंग : पायरी पायरीने

खालची माहिती समजून घेण्यासाठी आहे. मुलांनी हे काम एकट्यानं करू नये. मोठ्यांनीही जाणत्या माणसाच्या हाताखाली एकदा बघून मगच करावं.

१) सुरक्षितता : गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घ्यायची. हँडब्रेक ओढायचा आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे ढिले करायचे. मग जॅक लावायचा आणि चॅसीखाली स्टँड द्यायचा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्याचं काम स्टँडचं.

२) चाक आणि ब्रेक काढणे : चाक काढून बाजूला ठेवायचं. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचे बोल्ट काढून कॅलिपर तारेनं बांधून लटकवायचा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन पडू द्यायचं नाही, नळी आतून फाटू शकते. ब्रेकच्या धुळीवर फुंकर किंवा हवा मारायची नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं.

३) हब उतरवणे : ग्रीस कॅप चारी बाजूंनी हळूहळू उचकून काढायची. स्प्लिट पिन सरळ करून पकडीनं ओढायची आणि फेकून द्यायची. जुनी पिन पुन्हा कधीच वापरत नाहीत. वाकवलेली तार परत वाकवली की तुटते. नट आणि वॉशर काढल्यावर हब थोडा पुढे ओढून परत मागे ढकलतात. त्यामुळे बाहेरचं बेअरिंग आपोआप सुटून हातात येतं. ते मातीत पडू द्यायचं नाही. मग हब सरळ ओढून काढायचा.

४) सील आणि आतलं बेअरिंग : हब उलटा करून जुनं ऑइल सील उचकून काढायचं. ते टाकूनच द्यायचं असतं. त्याच्याखालचं मोठं बेअरिंग उचलून घ्यायचं. कोणतं बेअरिंग कोणत्या कपातलं, डाव्या चाकाचं की उजव्या, याची सरमिसळ होऊ द्यायची नाही. रूळ आणि कप एकमेकांबरोबर झिजून जमलेले असतात. जोडी बदलली की दोन्ही बिघडतात.

५) धुणे : जुनं ग्रीस पुसून बेअरिंग रॉकेलमध्ये ब्रशनं धुवायचं. पेट्रोल वापरायचं नाही, कारण त्याची वाफ ठिणगीला लगेच पेट घेते. धुतल्यावर स्वच्छ फडक्यावर वाळवायचं. काही जण कॉम्प्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरागरा फिरवून मजा बघतात. हे फार धोक्याचं आहे. वंगण नसलेलं बेअरिंग त्या वेगात खराब होतं आणि जाळी तुटली तर रूळ गोळीसारखे उडतात.

६) निरीक्षण : आता उजेडात नेऊन एकेक रूळ आणि कपाचा आतला भाग बघायचा. चांगला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असतो. खड्डे पडलेत, टवके निघालेत, रुळांच्या अंतरावर कपात दाबल्याच्या खुणा आहेत, रंग निळसर झालाय, जाळी वाकलीय, यातलं काहीही दिसलं तर ते बेअरिंग बाद. निळा रंग म्हणजे ते खूप तापलं होतं आणि पोलादाचा कणखरपणा गेला. बेअरिंग बदलायचं तर कप आणि कोन दोन्ही बदलायचे. नवा कोन जुन्या कपात बसवून पैसे वाचत नाहीत, नवा कोनसुद्धा लवकर जातो.

७) कप बदलणे : जुना कप हबच्या आतून पितळी पंचनं समोरासमोर आळीपाळीनं ठोकून काढतात. नवा कप अगदी सरळ ठेवून हलक्या हातानं सगळीकडून ठोकत बसवतात. तो तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ आवाज जाऊन भरीव येतो. जाणता मेस्त्री डोळ्यांइतकाच कानांवर विश्वास ठेवतो तो यासाठी.

८) ग्रीस भरणे : डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा. उजव्या हातात बेअरिंग धरून त्याची रुंद बाजू तळहाताच्या कडेवर दाबत राहायचं, म्हणजे ग्रीस रुळांमधून शिरून वरच्या बाजूनं बाहेर येतं. असं करत पूर्ण गोल फिरवायचं. वरवर ग्रीस फासलेलं बेअरिंग बाहेरून चांगलं दिसतं, पण आत कोरडंच राहतं. कपांनाही पातळ थर लावायचा. हबच्या पोकळीत थोडं ग्रीस ठेवायचं, पण ती गच्च भरायची नाही. तापल्यावर ग्रीस फुगतं, त्याला जागा लागते. नाहीतर ते सील ढकलून बाहेर येतं.

ग्रीस कोणतं? चाकाच्या बेअरिंगसाठी लिथियम ग्रीस, क्रमांक २ किंवा ३ चं, असं सहसा सांगितलेलं असतं. साधं कॅल्शियमचं ग्रीस १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊन वाहू लागतं. लिथियम ग्रीस साधारण १८० अंशांपर्यंत वितळत नाही. ब्रेकच्या शेजारी राहायचं म्हणजे उष्णता सोसावी लागणारच. दोन वेगळ्या जातींची ग्रीसं एकत्र करू नयेत, काही वेळा मिश्रण पातळ होऊन जातं. म्हणून तर जुनं ग्रीस पूर्ण धुवून काढायचं.

९) जोडणी : आतलं बेअरिंग बसवून नवं ऑइल सील लावायचं. सीलचा ओठ आतल्या बाजूला, बेअरिंगकडे हवा. ओठाला थोडं ग्रीस लावायचं. हब स्टबवर सरळ चढवायचा, ओठ दुमडू द्यायचा नाही. मग बाहेरचं बेअरिंग, वॉशर आणि नट. डिस्कवर ग्रीसचा हात लागला असेल तर ती स्वच्छ करायची.

नट किती आवळायचा?

सगळ्या सर्व्हिसिंगचा जीव या एका प्रश्नात आहे.

आपल्याला वाटतं, चाकाचा नट आहे, जितका घट्ट तितका चांगला. पण इथं हे चूक ठरतं. नट खूप आवळला तर निमुळते रूळ कपात रुतल्यासारखे दाबले जातात. गाडी चालली की ते तापतात. तापलं की लोखंड प्रसरण पावतं, म्हणजे दाब आणखी वाढतो, मग आणखी तापतं. शेवटी ग्रीस जळतं आणि बेअरिंग जाम होतं. उलट नट ढिला राहिला तर चाक डुगडुगतं, रूळ कपावर आपटतात, खड्डे पडतात आणि सीलही खराब होतं.

म्हणून पद्धत अशी. चाक किंवा हब हातानं फिरवत फिरवत नट पान्यानं आवळायचा. फिरवल्यामुळे रूळ आपापल्या जागी नीट बसतात आणि जास्तीचं ग्रीस बाजूला होतं. मग नट पूर्ण ढिला करायचा. आता पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी नट टेकवायचा. नटाची खाच आणि स्टबचं भोक जुळत असेल तर उत्तम. जुळत नसेल तर नट आवळून नाही, ढिला करून जवळची खाच जुळवायची.

असं केल्यावर चाकात अगदी सूक्ष्म खेळ राहतो. बऱ्याच गाड्यांना तो साधारण ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर ठेवायला सांगतात. म्हणजे जवळपास डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा! तो डायल गेज नावाच्या साधनानं मोजतात. काही गाड्यांना मात्र खेळ न ठेवता ठरावीक दाब द्यायचा असतो. म्हणून आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत काय दिलंय तेच शेवटचं.

नंतर नवी, योग्य जाडीची स्प्लिट पिन घालून तिची टोकं वाकवायची. टोकं कॅपला घासता कामा नयेत. पिनऐवजी खिळा किंवा वायरचा तुकडा चालत नाही. कॅप बसवायची. कॅलिपर लावून त्याचे बोल्ट पुस्तिकेप्रमाणे आवळायचे. चाक लावून नट एकामागोमाग एक नाही, तर समोरासमोरचे आवळायचे.

आणि एक गोष्ट विसरायची नाही. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट करून घ्यायचं. कॅलिपर काढताना पॅड मागे सरकलेले असतात, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गाडी थोडी चालवून आणल्यावर हब तापलाय का ते बघायचं आणि चाकाचे नट पुन्हा तपासायचे.

आजच्या छोट्या कारचं काय?

आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या कारची पुढची चाकं इंजिनच फिरवतं. तिथं हबच्या मधून ड्राइव्ह शाफ्ट जातो आणि दोन ओळींचं एकच बंद बेअरिंग असतं. त्यात कारखान्यातच ग्रीस भरून दोन्ही बाजूंनी सील लावलेलं असतं. ते उघडायचं नाही, धुवायचं नाही, त्यात ग्रीस भरायचं नाही. आवाज आला की बदलायचं, एवढंच.

पण बदलण्यातही शास्त्र आहे. बऱ्याच गाड्यांत हे बेअरिंग नकलमध्ये प्रेस मशीननं दाबून बसवतात. नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या कडीवर द्यायचा. मग त्यात हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार द्यायचा. चुकीच्या कडीवर जोर दिला तर तो गोळ्यांमधून जातो, कड्यांवर बारीक खड्डे पडतात आणि नवंकोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी आवाज करतं. हातोड्यानं ठोकून बसवलेली बेअरिंगं लवकर जातात ती याच कारणानं. काही बेअरिंगांच्या एका बाजूला एबीएससाठी चुंबकीय कडी असते. ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी. मधला मोठा नट पुस्तिकेत दिलेल्या मापानं टॉर्क पान्यानं आवळतात आणि बऱ्याच गाड्यांत तो नवाच वापरतात. इथं बोटांनी टेकवायची पद्धत अजिबात लावायची नाही. ती फक्त सुट्या टेपर बेअरिंगसाठी.

पावसाळ्यात विशेष काळजी

आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्या-नाल्यांवरून पाणी वाहतं आणि जीपगाड्या त्यातून जातात. चालून चालून हब तापलेला असतो. तो अचानक थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. हवा थंड झाली की आकसते, हे आपण शिकलोच आहोत. पाणी मिसळलेलं ग्रीस दुधाळ दिसतं आणि त्याची वंगणशक्ती कमी होते. गाडी नुसती उभी राहिली तरी आत गंज धरतो. म्हणून हबपर्यंत पाण्यात गेलेल्या गाडीची बेअरिंगं, किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न बघता, उघडून तपासायला हवीत.

पालकांसाठी दोन शब्द

आपली मुलं रोज कुठल्या ना कुठल्या गाडीनं शाळेत येतात. सहलीला जीप ठरते, लग्नाला टेम्पो ठरतो. आपण विचारतो भाडं किती आणि सीटा किती. एखादा प्रश्न असाही विचारावा. पुढच्या चाकांचं ग्रीसिंग कधी केलं? नवीन सील, नवीन पिन टाकली का? चाकाचा आवाज येतोय, तो दाखवला का? चांगल्या ड्रायव्हरला या प्रश्नांचा राग येत नाही, उलट बरं वाटतं. पुढचं चाक जाम झालं किंवा निखळलं तर स्टेअरिंग हातात असूनही गाडी आपली राहत नाही. आणि त्या वेळी गाडीत किती जण बसलेत, हे चाकाला माहीत नसतं.

आणखी एक. दहावीनंतर गॅरेजात काम शिकायला जाणाऱ्या मुलाकडे आपण कमी लेखून बघतो. "शिकला नाही, म्हणून पाने फिरवतो" असं सहज म्हणून जातो. पण घर्षण, प्रसरण, बल, परीघ आणि सूक्ष्म मापन हे सगळं तो एका हबमध्ये रोज हाताळतो. हे काम आयटीआयमध्ये नीट शिकवलं जातं. ज्या मुलाला हातानं शिकायला आवडतं, त्याला ही वाट अभिमानानं दाखवायला हवी.

करून पाहा

१) टेबलावर एक जाड पुस्तक ठेवून दोऱ्यानं ओढा. मग त्याच्याखाली पाच-सहा गोल पेन्सिली ठेवून ओढा. कधी कमी जोर लागला?
२) डब्याच्या एका झाकणात एकसारख्या गोट्या कडेनं ठेवा. वर दुसरं थोडं लहान झाकण पालथं ठेवून त्यावर पुस्तक ठेवा आणि फिरवा. हे झालं तुमचं बेअरिंग. आता दोन गोट्या काढून त्या जागी खडे टाका आणि पुन्हा फिरवून बघा. ग्रीसमध्ये कचरा गेला की काय होतं ते हातालाच कळेल.
३) घरातल्या सायकलच्या चाकाचा व्यास मोजा. शाळेत येईपर्यंत चाकाचे किती फेरे होतात ते काढा.

विचार करा आणि उत्तरे लिहा

१) हबमध्ये दोन टेपर बेअरिंगं उलट तोंडानं का बसवतात?
२) गाडी डावीकडे वळताना आवाज वाढला तर कोणत्या चाकाचं बेअरिंग तपासाल? का?
३) हबची पोकळी ग्रीसनं गच्च का भरत नाहीत?
४) खाच जुळत नसेल तर नट आवळायचा की ढिला करायचा? कारण द्या.
५) बैलगाडीची खीळ आणि मोटारीची स्प्लिट पिन यांत सारखेपणा काय?

उत्तरं पाठ करू नका. जवळच्या गॅरेजात मोठ्या माणसांबरोबर जा, मेस्त्रींना विचारा, एखादं जुनं बाद झालेलं बेअरिंग मागून घ्या आणि वर्गात घेऊन या. धुवून, पुसून आपण सगळे मिळून ते बघूया.